तीन नावांची एक बरगडी

मंगळू गावितच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत, छात्या राहत. यात मिरवण्यासारखं काही नाही, पण तेवीस वर्षं लोकांच्या छातीचे फोटो काढत बसलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? बाजारात कुणी रामराम घातला की तो ओळखीचं हसू तोंडावर आणायचा आणि मनात चाचपडायचा, हा कोण बरं. त्याच माणसाची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून दाखवली असती तर लगेच म्हणाला असता, अरे, हा खोडाळ्याचा सुकऱ्या, याचं हृदय जरा उजवीकडं कललेलं. बायको म्हणायची, माझा तरी चेहरा पाहिलाय का कधी नीट? तो म्हणायचा, तुझा फोटो कुठं काढलाय अजून. हा विनोद त्यांच्या घरात इतका जुना झाला होता की आता दोघंही हसत नसत.

दमला होता तो. आधी वीस वर्षं सरकारी दवाखान्याची अंधारखोली, तिथलं आंबट वासाचं पाणी आणि लटकवलेल्या ओल्या फिल्मा. मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन जव्हारच्या वेशीवरच्या ट्रस्टच्या दवाखान्यात नोकरी. वाटलं होतं, इथं जरा निवांत मिळेल. तर दोन हजार सहा सालच्या पावसाळ्यात ट्रस्टला सीटी स्कॅनचं मशीन दान आलं. मुंबईच्या कुठल्याशा दवाखान्यानं नवं घेतलं म्हणून जुनं इकडं धाडलेलं. मशीनबरोबर एक योजनाही आली. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस-वीस वर्षं विडी ओढणाऱ्या बाया-बाप्यांची छाती तपासायची, त्यांना काही होत नसलं तरी. फुप्फुसातला कॅन्सर दाण्याएवढा असतानाच सापडला तर कापून काढता येतो, म्हणून. एक आड एक गुरुवारी शिबिर. रामी नावाची ट्रस्टची सेविका पाड्यापाड्यावर जाऊन नावं लिहायची आणि चिठ्ठ्या वाटायची. चिठ्ठीवर जीपनं येणं-जाणं फुकट आणि दुपारी डाळभात.

मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं जाताना बजावलं, आकड्यांना हात लावू नका. किरण किती सोडायचे त्याचा आकडा छातीसाठी दोनशेवर होता. मंगळूनं तो गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हात लावला.

त्याचं म्हणणं साधं होतं. आजारी माणसाचा फोटो काढायचा तर गोष्ट वेगळी. इथं धडधाकट माणसं बोलावून, दर वर्षी, नुसत्या शंकेपायी किरण सोडायचे. किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत, पण अंगाच्या हिशेबात जमा होत राहतात. रोग शोधायला बोलवायचं आणि वर्षानुवर्षांच्या किरणांनी नवा रोग हातात ठेवायचा, हा कुठला शहाणपणा? शिवाय मुंबईच्या ऐंशी किलोच्या शेटजीला जेवढे किरण लागतात तेवढे आमच्या अडतीस किलोच्या बाईला कशाला? हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं. ब्याण्णव-त्र्याण्णव साली वावरच्या बाजूला कुपोषणानं पोरं गेली, तेव्हा उरलेल्या पोरांचे फोटो काढायला त्याला पाठवलं होतं. त्या पोरांच्या बरगड्या मोजायला मशीनची गरज नव्हती. पहिल्या पोराचा फोटो नेहमीच्या आकड्यावर काढला तर फिल्म काळी ठिक्कर पडली, किरण आरपार निघून गेले. तेव्हापासून तो आधी माणूस बघायचा, मग आकडा लावायचा. माणूस म्हणजे जाडी, उंची, वजन. चेहरा नव्हे.

दोनशेचे त्यानं आधी पन्नास केले, मग चाळीस. शेवटी बारीक बायांना तीस.

पण आकडा उतरवून अर्धंच काम होतं. मशीन जुनं, हळू. छातीवरून फिरायला त्याला वीस आकडे मोजण्याइतका वेळ लागे, आणि तेवढा वेळ माणसानं श्वास रोखून निपचित पडायचं. विडीवाल्यांना दहाच्या पुढं खोकला यायचा. श्वास सुटला की फोटो हलला, फोटो हलला की पुन्हा काढायचा, म्हणजे किरण दुप्पट. पहिल्या शिबिरात तीस जणांपैकी आठ जणांचे फोटो पुन्हा काढावे लागले. मंगळूनं कॅलेंडरवर आठ लिहिलं आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्या शिबिरात तो सगळ्यांना दवाखान्यामागच्या मोहाच्या झाडाखाली घेऊन बसला. "दाभोशाच्या डोहात हातानं मासे धरलेत ना?" त्यानं विचारलं. धरले होते, सगळ्यांनीच. "मग बुडी मारताना दम कसा धरता? छाती फुगवून, की थोडा सोडून?" म्हातारे हसले. छाती फुगवून कोण बुडी मारतो, बुडबुडा होऊन वर येतो माणूस. थोडा सोडायचा आणि बाकीचा धरायचा. "तसाच धरा," मंगळू म्हणाला, आणि तो आकडे मोजायला लागला. दोन-तीनदा सगळ्यांनी मिळून बुडी मारली. त्या दिवशी एकच फोटो हलला. पुढं हा रिवाजच झाला. आधी मोहाखाली बुडी, मग खोली.

त्यातही काही जण जात्याच पक्के निघत. एक बाई तर मशीनमध्ये शिरली की दगडासारखी पडे, पापणीसुद्धा हलत नसे. मंगळूनं बाहेर येऊन रांगेतल्यांना सांगितलं होतं, "या हिरीबायसारखं पडा." पुढं उन्हाळ्यात म्हणाला होता, "या बायडीबायसारखं पडा." आणि या दसऱ्याच्या सुमारास, "या गोजाबायसारखं." तिन्ही वेळा त्याला बरं वाटलं होतं, आणि तिन्ही वेळा त्यानं तोंड वर करून पाहिलं नव्हतं.

फोटो नाशिकला जात. एसटीच्या कंडक्टरकडं पाकीट द्यायचं, तिथं डॉक्टर नीता मॅडम ते वाचायच्या आणि अहवाल पाठवायच्या. बाई हुशार, तोंडानं फटकळ. दिवाळी झाल्यावर त्यांचा फोन आला.

"मंगळूभाऊ, हे फोटो आहेत की नागलीचं पीठ सांडलंय?"

"आकडा कमी ठेवला की दाणे दिसतात, मॅडम. पण गाठ असली तर लपत नाही."

"ते तुम्ही ठरवणार? वाचते मी. डोळे जातात माझे. पुढच्या शिबिरापासून शंभरावर न्या."

"शंभर जास्त होतात. आमची माणसं..."

"मग दाखवा मला. तीन फोटो घ्या, एकाच अंगाच्या माणसांचे, वेगवेगळ्या आकड्यांवरचे. शेजारी शेजारी लावा. तिसावरच्यात जे दिसत नाही आणि पन्नासावरच्यात दिसतं, असं काही निघालं तर माझं ऐकायचं. नाही निघालं तर मी गप्प बसते."

झगडायला त्याच्यात त्राण नव्हतं, पण हरायचीही इच्छा नव्हती. त्यानं रजिस्टर काढलं. अडतीस किलोच्या तीन बाया सापडल्या. हिरी, पन्नासावर काढलेली, गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली. बायडी, चाळिसावर, एप्रिलमधली. गोजाबाई, तिसावर, ऑक्टोबरची. तिन्ही दाभोशाकडच्या एकाच पाड्यावरच्या. त्यानं फिल्मा पेटीवर लावल्या आणि चष्मा पुसला.

प्रत्येक फिल्मच्या पहिल्या चौकटीत अख्ख्या छातीचा एक साधा फोटो असतो. हिरीच्या डाव्या बाजूची सहावी बरगडी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली होती, कोपर काढल्यासारखी. शेत भाजायच्या राबासाठी फांद्या तोडताना झाडावरून पडलं की अशी मोडते, असल्या बरगड्या त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. बायडीचीही सहावी वाकडी होती. त्याच जागी, त्याच कोनात. गोजाबाईची पण. तिघींच्या उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला जुन्या क्षयाचा खडूसारखा ठिपका, एकाच आकाराचा.

मंगळू खाली बसला. मग उठून त्यानं रजिस्टरमधले अंगठे पाहिले. तिन्ही अंगठ्यांवरून विळ्यानं कापल्याची एकच तिरकी रेघ गेलेली होती.

त्याला आधी राग आला. एका बाईनं तीन चिठ्ठ्यांवर तीनदा किरण खाल्ले, कशासाठी, डाळभातासाठी? आपण इकडं एकेक आकडा उतरवायला जीव टाकतोय, आणि ही! मग त्यानं फोटोंच्या पुढच्या चौकटी पाहिल्या आणि त्याचा राग जागच्या जागी जिरला.

उजव्या फुप्फुसात, मध्यावर, एक गाठ होती. हिरीच्या नावावर उडदाच्या दाण्याएवढी. बायडीच्या नावावर तुरीएवढी. गोजाबाईच्या नावावर वालाएवढी. तिन्ही अहवालांत मॅडमनी जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं. जुन्या क्षयाचा डाग असावा, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. त्यांचं चुकलं नव्हतं. या भागात दर चौथ्या छातीत असा डाग असतो, आणि डाग वाढत नसतो. तीन वेगळ्या बायांच्या छातीतले तीन डाग म्हणून पाहिलं तर काळजीचं कारण नव्हतं. एकाच बाईच्या छातीत, अकरा महिन्यांत, उडदाचा वाल झाला होता.

त्यानं नाशिकला फोन लावला. मॅडमनी आपल्याकडच्या तिन्ही प्रती काढून उजेडावर लावल्या. मग म्हणाल्या, "तिसावरसुद्धा दिसतेय की हो स्पष्ट." त्यांना स्वतःलाच ते बोलणं लागलं असावं, कारण पुढं त्या लगेच म्हणाल्या, "मी येत्या गुरुवारी येते. त्या बाईला आणा. गाठीपुरता एक चांगला, भरपूर किरणांचा फोटो लागेल, सर्जन त्याशिवाय हात लावणार नाही. लवकर, मंगळूभाऊ."

दुसऱ्या दिवशी तो जीपनं दाभोशाला उतरला आणि पाड्यापर्यंत चालत गेला. भातं कापून झाली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती. पहिलं घर हिरीचं लागलं. दवाखान्यानं तिला सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावल्याचं कार्ड कारवीच्या कुडाच्या भिंतीत खोचलेलं होतं, घडीसुद्धा न मोडता. "माझा फोटू काढलाच नाय," हिरी म्हणाली, "मंग मना कशाला बोलवतील? कुणा दुसरीचा कागद आला, म्हनलं राहू दे." त्या गोल भोकात शिरायची तिला भीती वाटत होती. बायडीलाही. चिठ्ठी वाया जाते म्हणून दोघींनी ती गोजाबाईला देऊन टाकली होती. गोजाला काय, तिला हौस. हिरीनं खळ्याकडं बोट केलं.

गोजाबाई सुपानं नागली पाखडत होती. बारीक, ताठ, कानाला आखूड विडी लावलेली. तिनं मंगळूला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. ती त्याला ओळखत होती, एवढंच नव्हे, तर त्याला पाहून ती खूश झाली होती.

"फोटोवाला भाऊ! माझ्या घरा?" मग तिचा चेहरा उतरला. "चिठ्ठ्यांचं कळलं वाटतं."

"कळलं, गोजाबाय. रागवायला नाही आलो. पण का केलंस? तीन-तीनदा?"

"का म्हंजे?" तिनं छातीवर हात ठेवला. "बरं वाटतं. दरवेळी खोकला उठला का मी वाट बघते, चिठ्ठी कवा मिळते. तूच तं सांगितलेलं."

"मी?"

"मंग कोन? माझी चंदा पोटात पन नव्हती तवा. सरकारी दवाखान्यात. माझ्या छातीत रोग झालेला, रगत पडायचा. मी खोलीत घाबरून रडाया लागले, तं तू म्हनलास, बाय, हलू नको. ही मशीन छातीतला रोग ओढून काढते. हललीस तं अर्धा आत राहील." तिनं मान ताठ केली. "नाय हलले मी. रोग गेला. तवापासून कदी पन हलले नाय."

मंगळूला ती बाई आठवेना, पण ते वाक्य आठवलं. शब्द न् शब्द. चोवीस-पंचवीसचं वय होतं, फिल्मांची नेहमी ओढाताण, लोक मशीनला भिऊन थरथरायचे आणि दर दुसरा फोटो वाया जायचा. पुन्हा काढायचा म्हणजे त्यांच्या अंगात पुन्हा किरण. एकदा कुणाला तरी त्यानं हे सांगून पाहिलं आणि तो माणूस खांबासारखा उभा राहिला. मग सगळ्यांनाच सांगत सुटला. एका फोटोत काम व्हावं म्हणूनच सांगायचा. दहा-बारा वर्षं सांगितलं, मग मुंबईला एका प्रशिक्षणाला जाऊन आल्यावर लाज वाटून बंद केलं. बंद केलं म्हणजे मिटलं, असं त्यानं धरून चाललं होतं.

तो खळ्याच्या कडेला बसला. "गोजाबाय, ते खोटं होतं."

ती हसली. "चिठ्ठ्या फुकट जाऊ नये म्हनून सांगतोस."

"नाही. खोटंच होतं. फोटोनं रोग निघत नाही, नुसता दिसतो. तू बरी झालीस ती गोळ्यांनी. त्या फोटोंचा अंगाला फायदा काही नाही, झाला तर तोटाच. तुला हलू द्यायचं नव्हतं म्हणून मी बोललो."

"गोळ्यांनी पोटात आग व्हायची. बरं वाटायचं ता फोटोनं."

"नाही, बाय."

शेजारच्या खळ्यावर भाताची पेंढी फळीवर आपटल्याचा आवाज येत राहिला. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "कितींना सांगितलास?"

"मोजलं नाही."

"माझ्या सासूला पन सांगितलास. सुकरी. फोटू काढून घरा आली, गोळ्या घेतल्या नाय तिनं. म्हनली, रोग तं काढून घेतला, आथा गोळ्या कशाला. चैत्रात मेली."

सुकरी. चेहरा नाहीच, पण डाव्या फुप्फुसात वर लिंबाएवढी पोकळी आणि तिच्या कडेला तीन ठिपके, हे त्याच्या डोळ्यांपुढं तत्क्षणी उभं राहिलं. ती फिल्म त्यानं स्वतः धुतली होती. त्याला आपल्या या आठवणीची किळस आली. माणूस गेला ते कळलं नाही, आणि पोकळी तेवढी जपून ठेवलेली.

मग ज्यासाठी आला होता ते त्यानं सांगितलं. गाठ आहे. वाढतेय. अजून लहान आहे, कापता येईल, पण आता थांबून चालणार नाही. त्याआधी अजून एक फोटो लागेल, मोठा. त्यानं काही बरं होणार नाही. कुठं कापायचं तेवढं कळेल.

गोजाबाईनं सूप उचललं आणि ती पुन्हा पाखडायला लागली. "गुरुवारी माझी झोडनी हाय," ती म्हणाली. त्यानं विनवलं, उद्या ये म्हणाला, वाटलं तर मी झोडायला माणूस देतो म्हणाला. ती वर बघेना. शेवटी तो उठला आणि चालायला लागला. रस्त्याला लागेपर्यंत त्याला सुपाचा आवाज ऐकू येत होता.

गुरुवारी जीप आली. मंगळू फाटकाशी उभा होता. बाया एकेक करून उतरल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो प्रत्येकीच्या तोंडाकडं बघत होता. गोजाबाई सगळ्यांच्या शेवटी उतरली. त्याच्याशी बोलली नाही. मोहाखाली बुडीलाही बसली नाही, "मना येते बुडी," म्हणाली.

नीता मॅडम आतल्या काचेमागं बसल्या होत्या. आकडा त्यांनी स्वतः लावला, दोनशे वीस. मंगळूनं तो पाहिला. तो लागणारच होता. त्यानं गोजाबाईला फळीवर निजवलं, हात डोक्यामागं घेऊन दिले, आणि तो बाहेर आला. मॅडमनी कळ दाबली. त्यानं माईकवर आकडे मोजायला सुरुवात केली.

आठवर ती थरथरली. अकरावर तिचा हात खाली आला, खोकला फुटला. पडद्यावर गाठीच्या दोन गाठी झाल्या होत्या, कडा फिसकटलेल्या. दोनशे वीसच्या आकड्याचा फोटो वाया गेला.

"हीच का ती न हलणारी?" मॅडमनी विचारलं.

"हीच," मंगळू म्हणाला. आत जाऊन त्यानं बघितलं तर गोजाबाईच्या डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळत होतं. तेवीस वर्षं जी बाई असल्या खोलीला भ्यायली नव्हती ती आता भ्यायली होती, आणि तिला भ्यायला लावणारा तिच्या उशाशी उभा होता.

"नाय जमत," ती म्हणाली. "आधी वाटायचं का कुनी ओढून घेतंय, मंग मी गप पडायचे. आथा काय वाटतंय सांगू? ही मशीन नुसती बघतेय." तिनं त्याचा शर्ट धरला. "भाऊ, तू परत सांग. खोटा तं खोटा. सांग का रोग निघल. मी हलनार नाय."

सोपं होतं. एक वाक्य. ते त्याच्या जिभेवर तयारच होतं, बारा वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. तिसऱ्यांदा दोनशे वीस सोडायची वेळ आली नसती. किरण वाचवायचे हेच तर त्याचं सगळं म्हणणं होतं. त्याला सुकरीची पोकळी दिसत होती, आणि त्याला कमालीचा थकवा आला, असा की त्या फळीवर तिच्या शेजारी आडवं व्हावं.

"नाही सांगणार, गोजाबाय," तो म्हणाला. "यानं काही निघणार नाही. पण मी बाहेर जात नाही. इथंच थांबतो. दोघं मिळून बुडी मारू."

काचेमागून मॅडमचा आवाज आला, "मंगळूभाऊ, बाहेर या." त्यानं खुंटीवरचा शिशाचा एप्रन काढून अंगावर घातला. किरण मोजायचा बिल्ला गळ्यापाशी एप्रनच्या बाहेर राहिला. दर तीन महिन्यांनी तो बिल्ला मुंबईला जायचा आणि मंगळूच्या नावापुढं शून्य लिहून यायचं. तेवीस वर्षांत दुसरं काही आलं नव्हतं, कारण मशीन चालू असताना तो कधी भिंतीच्या अलीकडं नव्हता.

"भाऊ, ऐकू येतंय का?"

"येतंय, मॅडम. आकडे मी इथूनच मोजतो. तुम्ही कळ दाबा."

त्यानं गोजाबाईचा हात धरला. खरखरीत, तिरकी रेघ असलेला अंगठा त्याच्या मुठीत आला. "डोह आहे," तो म्हणाला. "खाली मासा आहे. थोडा सोड. हां. आता धर." त्यानंही धरला. मोठ्यानं मोजता येईना, कारण त्याचाही दम आत होता, म्हणून तो बोटानं तिच्या तळव्यावर आकडे टिचकत राहिला. फळी सरकू लागली, मशीन घरघरत फिरू लागलं. बारावर तिची बोटं आवळली. पंधरावर त्याच्याच छातीत कळ आली, तोही काही तरुण राहिला नव्हता. वीस झाले, आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला.

काचेपलीकडं मॅडमनी अंगठा वर केला. कडा स्वच्छ आल्या होत्या.

गोजाबाईला नाशिकला नेऊन उजव्या फुप्फुसाचा एक तुकडा काढला. गाठ कॅन्सरचीच होती, बाहेर कुठं पसरली नव्हती. शिमग्याला ती घरी आली. मॅडमनी शंभराचा विषय पुन्हा काढला नाही, तीस-चाळिसावरचे फोटो वाचताना मात्र फोनवर कुरकुरत राहिल्या. त्याच सुमारास बिल्ल्याचा तिमाही कागद आला. ट्रस्टचा कारकून उमेश तो घेऊन आला. "मंगळूभाऊ, तुमच्या नावापुढं या वेळी आकडा आहे. छोटाच आहे, पण आहे. बिल्ला मशीनपाशी विसरला होता का? चुकून झालं म्हणून कळवू?"

"चुकून नाही झालं," मंगळू म्हणाला. "राहू दे तो."

पुढच्या गुरुवारी मोहाखाली गर्दी होती. गोजाबाई चिठ्ठी नसताना आली होती, जीपवाल्याशी भांडून. ती विडी न ओढता नुसती कानाला लावून बसली होती आणि हिरी-बायडीला दम धरायला शिकवत होती. मधूनच बजावत होती, "ह्यानं रोग जात नाय हां. नुसता दिसतो. ह्यो फोटोवाला कायपन सांगल, त्याचा ऐकू नका." सगळे मंगळूकडं बघून हसले. त्यालाही हसू आलं, पण ते पुरतं फुटलं नाही.

त्यानं खोलीच्या दारातून पुकारलं, "हिरी."

एक बाई उठून आली, पदर डोक्यावर घेऊन. मंगळूनं चिठ्ठी घेतली, खिडकीपाशी तिला उजेडात उभं केलं आणि तिचा चेहरा नीट पाहिला. कपाळावर गोंदण, उजव्या भुवईत एक पांढरा केस. मग त्यानं मोहाखाली बसलेल्या गोजाबाईला ओरडून विचारलं, "हीच ना?"